पवनचक्कीचा दांडा मी सोडला

पवनचक्की बघायला गेलो तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि जळगावच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. एप्रिल संपता संपता कॉलेजच्या पत्त्यावर एक पत्र आलं. शिंदखेडा तालुक्यातल्या एका लहानशा गावातून एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ते लिहवून घेतलं होतं. त्यांच्या आजोबांनी इंग्रजांच्या काळात विहिरीवर लोखंडी पवनचक्की बसवली होती. दोन पिढ्या गावची गुरं तिच्याच पाण्यावर वाढली. मग गावात वीज आली, विहिरीवर मोटर बसली आणि चक्की थांबली. आता बारा वर्षांनी विजेचा भरवसा उरला नव्हता, गुरांचा हौद कोरडा पडत होता, म्हणून गावानं ती पुन्हा दुरुस्त करायला घेतली होती. चक्कीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक एका पेटीत सापडलं होतं. ते वाचून सांगणारं कुणी असेल तर पाठवा, एवढंच त्यांचं मागणं.

आमच्या विभागप्रमुखांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, "तुम्ही खान्देशातलेच ना? या जाऊन."

मी चोपड्याकडचा, केळी आणि कापूस करणाऱ्या घरातला. आईशी, भावांशी मी आमच्या बोलीतच बोलायचो. पण नोकरी लागल्यापासून ती बोली घराच्या उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. त्या गावातही मी दिवसभर वर्गात बोलतो तसंच बोललो. समोरची माणसं माझ्या आईसारखी बोलत होती आणि मी त्यांना पुस्तकासारखी उत्तरं देत होतो.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळच्या पॅसेंजरनं शिंदखेड्याला उतरलो. पत्र पाठवणारे गृहस्थ स्वतः बैलगाडी घेऊन आले होते. सत्तरीचे, ताठ, डोक्याला पांढरी टोपी. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. माझी बॅग त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. मी घेऊ दिली. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस माझी बॅग उचलतोय याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

चक्की लांबूनच दिसली. गावाबाहेर एका उघड्या, खडकाळ बरडावर विहीर होती आणि तिच्यावर चार पायांचा लोखंडी मनोरा, तिमजली घराएवढा उंच. वर मोठं गोल चाक, त्याला पत्र्याची पाती, आणि मागे वाऱ्याची दिशा धरणारी रुंद शेपटी. जुनी पाती काळपट झाली होती, बदललेली नवी पाती उन्हात डोळे दिपवत होती. चाकाच्या मागे फळीवर एक माणूस बसलेला होता.

"आमना गावमा याले पंखाच म्हन्तस," आबा म्हणाले. "आनि ते आमना मिस्तरी."

मिस्तरी खाली उतरले. साठीपलीकडचे, बारीक अंगाचे, दाढी पिकलेली, डोक्याला रुमाल. धरणगावच्या एका जिनिंगच्या वर्कशॉपमध्ये त्यांचा जन्म गेला होता. तिथून मोकळे झाल्यावर आबांनी त्यांना बोलावून आणलं होतं. तीन महिने ते विहिरीजवळच्या खोलीत राहत होते, स्वतःची भाकरी स्वतः थापत होते. अशी चक्की त्यांनी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. एकेक भाग उतरवून, गोणपाटावर मांडून, कुठला कशात बसतो ते बोटांनी चाचपून त्यांनी ती समजून घेतली होती. आतली बेअरिंगं झिजून गेली होती. ती त्यांनी तिथेच भट्टी लावून, पांढरा धातू वितळवून नव्यानं ओतली होती. पंपाचा लाकडी दांडा नवा केला होता, विहिरीतल्या पंपाची चामडी वायसरं स्वतः कापून बसवली होती.

"आते फक्त पुस्तकनी कमी व्हती," ते हसून म्हणाले.

विहिरीच्या कट्ट्यावर बसून मी पुस्तक उघडलं. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, पण मजकूर शाबूत होता. मी वाचत होतो आणि मराठीत सांगत होतो. बहुतेक गोष्टी मिस्तरींनी आधीच बरोबर केल्या होत्या. मी पान उलटलं की ते मान हलवायचे. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली.

"साहेब, वरनी पेटीमा तेल कोनतं आनि किती, ते लिखेल शे का?"

ते लिहिलेलं होतं. तेलाचा प्रकार, चाकामागच्या बेअरिंगच्या लोखंडी पेटीतली खूण, आणि त्याखाली ठळक अक्षरात एक सूचना. ती मी मोठ्यानं वाचली आणि तिचा अर्थही सांगितला: पेटीत तेल नसताना चाक थोडा वेळसुद्धा फिरू देऊ नये. माझ्याच तोंडानं सांगितला.

मिस्तरींनी लगेच डबा उचलला. शिंदखेड्याला जुम्म्याची नमाज होईल, तेल घेऊन दुपारच्या एस्टीनं परत येतो, म्हणाले. निघण्याआधी त्यांनी मनोऱ्याच्या पायथ्याचा लोखंडी दांडा खाली ओढून तारेनं बांधला. दांडा खाली असला की शेपटी मिटते, चाक वाऱ्याकडे कड करून उभं राहतं आणि फिरत नाही.

"मी येस तोवर याले हात लावू नका, साहेब."

मी "हो हो" म्हणालो.

आबांकडे जेवण झालं. खापरावरचे मांडे आणि आमरस. वाढताना आबांच्या पत्नी, अक्का, पदर सावरत पुन्हा पुन्हा आग्रह करत होत्या. जेवून आबा जरा आडवे झाले आणि मी परत विहिरीवर गेलो. मागोमाग लोक आले. पंधरावीस माणसं, अक्काही आल्या. माझ्यासाठी खुर्ची आणली गेली. वारा कशामुळे वाहतो, पात्याचा कोन कशासाठी, मी सगळं समजावून सांगितलं. लोकांनी आदरानं ऐकलं. मध्येच कुणीतरी जांभई दिली तेव्हा मला ती लागली.

अक्का म्हणाल्या, "मी लगीन व्हई सन उनू तवय याना आवाजनी झोप लागे ना. आते बारा वरीस व्हयनात, आवाज नही म्हनीसन सुनं वाटस. जराशीक फिराई दखाडा ना, भाऊ."

"मिस्तरी आल्यावर दाखवतील," मी म्हणालो.

तेव्हा मागून एक माणूस बोलला, अगदी साधेपणानं. "म्हंजे तुमले चालू करता येस नही का?"

दोनचार जण हसले. वाईट हसू नव्हतं ते. पण माझे कान तापले. एम.एस्सी. झालेला मी, तासभर भाषण दिलेला मी, आणि जिनिंगमधला एक मिस्तरी येईपर्यंत थांबायचं? मी खुर्चीवरून उठलो. "पाच मिनिटं फिरवायला काही हरकत नाही," असं म्हणालो, आणि तार सोडली.

शेपटी उघडली. चाक सावकाश वळून वाऱ्यासमोर आलं, क्षणभर थबकलं आणि फिरू लागलं. बायका ओरडल्या. लाकडी दांडा वरखाली व्हायला लागला, विहिरीतून घरघर आली, आणि थोड्या वेळानं नळातून गढूळ पाणी पडलं. मग स्वच्छ पडलं. अक्कांनी ओंजळ धरली आणि ते पाणी डोळ्यांना लावलं. लोक माझ्याकडे बघत होते. मी हात मागे बांधून उभा होतो. खोटं कशाला सांगू, आयुष्यात तेवढा मोठा मी मला पुन्हा कधी वाटलो नाही.

मग दुपारचा वारा उठला. बरडावरून धुळीचा लोट आला आणि चाकाची पाती दिसेनाशी झाली, नुसती चकती दिसू लागली. मी दांडा खाली ओढायला गेलो. तो हलेना. दांड्यापासून शेपटीपर्यंत जाणारी तार वर कप्पीवरून उतरली होती. दोघं गडी दांड्याला लोंबकळले, तरी उपयोग झाला नाही. वरून जळका वास आला, लोखंड किंचाळावं तसा आवाज आला, आणि मग सगळा मनोरा हादरला. लाकडी दांडा मधोमध फाटला. तीनचार पाती मुरगळली, एक सुटून शेतात जाऊन पडलं. चाक अडकून उभं राहिलं. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. तीन महिन्यांचं काम मी दहा मिनिटांत संपवलं होतं.

मिस्तरी चारच्या सुमाराला आले. तेलाचा डबा खांद्यावर होता. त्यांना रस्त्यावरूनच दिसलं असावं, कारण ते भरभर चालत होते. डबा खाली ठेवून ते थेट वर चढले. बराच वेळ वर होते. खाली आले तेव्हा त्यांच्या तळहातावर पांढऱ्या धातूचा वितळून थिजलेला गोळा होता.

तोवर आबाही येऊन पोचले होते. त्यांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "हाई कसं व्हयनं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तार सोडली हे तिथल्या पंधरावीस जणांनी पाहिलं होतं. मी म्हणालो, "वारा फार जोराचा आला. बेअरिंगचं ओतकाम कच्चं निघालं. अशा घरगुती भट्टीत धातू नीट होत नाही. होतं असं."

हे मी शांतपणे, वर्गात सांगतो तसं सांगितलं.  मी पाहुणा होतो, शिकलेला होतो, आणि चक्की फिरवायला त्यांनीच तर सांगितलं होतं. माणसं खाली बघत उभी राहिली. मग मागून, मघाशी मला प्रश्न विचारणाराच माणूस म्हणाला, "मी पहिलेच सांगं व्हतं, या लोकस्ना हातमा काम देऊ नका."

कोणते लोक, हे तिथे कुणाला विचारावं लागलं नाही. आबांनी त्याच्याकडे रागानं बघितलं, पण त्याला गप्प केलं नाही. मीही गप्प राहिलो. गप्पच नव्हे, त्या वाक्यानं मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्यावरची नजर दुसरीकडे वळली म्हणून मला बरं वाटलं.

मिस्तरींनी तो गोळा विहिरीच्या कट्ट्यावर ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, पुस्तकमा तेलनं काय लिखेल व्हतं, ते जरा परत वाचा ना."

पुस्तक माझ्या काखेतच होतं.

"आता ते वाचून काय उपयोग?" मी म्हणालो.

त्यांनी एकदा माझ्या काखेतल्या पुस्तकाकडे पाहिलं. मग आपलं सामान आवरायला खोलीत गेले. अक्का पदर तोंडावर घेऊन घराकडे निघाल्या. आबांनी मिस्तरींना जा म्हणून सांगितलं नाही, पण राहा असंही म्हणाले नाहीत.

संध्याकाळच्या गाडीला आम्ही दोघं एकाच प्लॅटफॉर्मवर होतो. मला बैलगाडीनं सोडलं होतं. ते हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन चालत आले होते. डबाही एकच आला वाट्याला. ते समोरच्या बाकावर बसले, पेटी पायाशी ठेवली. मी खिडकीला डोकं टेकवून झोपल्याचं सोंग घेतलं. अमळनेरला चहावाला ओरडत गेला तरी डोळे उघडले नाहीत. धरणगाव आलं. पेटी उचलल्याचा आवाज आला, मग ते उतरले. गाडी हलल्यावर मी डोळे उघडले. ते प्लॅटफॉर्मवर पेटी खाली ठेवून दम खात उभे होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही.

जळगावला परतल्यावर मी विभागप्रमुखांना सगळा प्रवास रंगवून सांगितला. खेड्यातले लोक पुस्तक न वाचता कशी यंत्रं उघडतात, याची ती गोष्ट झाली. स्टाफरूममध्ये ती मी पुन्हा सांगितली. हशा मिळाला. त्यानंतर दर वर्षी घर्षण शिकवायला लागलो की तेलाचं उदाहरण मी गाळायचो. पण त्यापलीकडे मी काही केलं नाही. चार वर्षं काही केलं नाही.

मग एका हिवाळ्यात गावोगावचं वातावरण बिघडलं. लोक हळू आवाजात बोलायचे आणि दुपारीच दुकानं बंद व्हायची. स्टाफरूममध्ये एक सहकारी चहा पिता पिता म्हणाला, या लोकांच्या हातात काही देऊ नये. जवळजवळ तेच शब्द. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि माझ्या लक्षात आलं की माझीही मान हलली होती. सवयीनं. मी कप तसाच ठेवून बाहेर आलो आणि कॉलेजच्या मागच्या भिंतीशी उभा राहिलो. 

पुढच्या रविवारी धरणगावला गेलो. मिस्तरींना शोधायला वेळ लागला नाही. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये ते एका स्टोव्हचा पंप दुरुस्त करत बसले होते. चष्मा जाड झाला होता. त्यांनी मला ओळखलं आणि हातातलं काम थांबवलं नाही.

मी उभ्यानंच सगळं बोलून टाकलं. तार मी सोडली, तेल नाही हे मला ठाऊक होतं, तुमचं ओतकाम चांगलं होतं, मी खोटं बोललो. बोलताना माझी बोली कधी बदलली ते मला कळलं नाही. घरी बोलतो तसंच मी बोलत होतो.

 पंपाचा दट्ट्या बसवून झाल्यावर ते म्हणाले, "माले काय सांगतस? माले तर त्याच दिवशी माहीत व्हतं. ज्यासनी तुन्हं ऐकं, त्यासले सांग." त्यांनी मला एकेरीत आणलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

मी काहीतरी बोलू लागलो, पण त्यांनी हात वर केला. "चाळीस वरीस भट्टीसमोर बसनू मी. मन्हं बेअरिंग कोठेच वितळनं नही. तठून उनू, मंग दोन जिनिंगवाला इचारू लागनात, मिस्तरी, तुमना धातू पाघळस म्हने. गंमत म्हनीसन इचारेत. काम मातर देत नव्हतात."

हे त्यांनी रागानं सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. मी बराच वेळ उभा होतो, त्यांनी बस म्हटलं नाही. चहाचंही विचारलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्या वसुलीवाल्यालाही चहा विचारतात.

तरी त्या गावी जायला मला आणखी दोन महिने लागले. कधी परीक्षेचं निमित्त, कधी आईच्या तब्येतीचं. शेवटी मार्चमध्ये गेलो. न कळवता गेलो, त्यामुळे स्टेशनपासून चालावं लागलं. चक्की मी ठेवून गेलो होतो तशीच उभी होती, मुरगळलेल्या पात्यांसकट. फाटलेला दांडा कुणीतरी जळणाला नेला होता.

आबा ओट्यावर बसले होते. थकले होते, पण मान ताठ होती. मी म्हणालो की मला काही सांगायचंय आणि चार माणसांसमोर सांगायचंय. त्यांनी शेजारच्यांना हाका मारल्या. आठदहा जण जमले. त्यांत ते वाक्य बोललेला माणूसही होता. अक्का दारात उभ्या राहिल्या.

मी सांगितलं. यावेळी पहिल्यापासून आमच्याच बोलीत.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही शिकेल मानूस. तुमना एक शब्दवर आम्ही त्या मानूसले काढी दिधं. तीन महिना त्यानं मन्हा दारमा काम करं." ते जमलेल्या माणसांकडे वळले. "आनि आठे बठ्ठास्ना डोयासमोर व्हयनं ना हाई? एकानंबी माले सांगं नही?"

"मीबी तठेच व्हतू," अक्का म्हणाल्या. "मीच सांगं फिरावाले. माले बोलता येत नव्हतं का? पन पाहुना खोटा कसा पाडू, असं वाटनं." आणि त्या रडायला लागल्या. मी तिथे माझी लाज घेऊन गेलो होतो. तिथे आधीच प्रत्येकाच्या घरात तिचा एकेक तुकडा होता आणि तो मीच वाटला होता.

ते वाक्य बोललेला माणूस उठून निघून गेला. त्याला मी थांबवायला हवं होतं. तेलाचं मी कबूल केलं, खोटं बोलल्याचं कबूल केलं. पण त्याच्या वाक्याचा मला आधार वाटला होता, हे मी त्या ओट्यावर बोललो नाही. धरणगावलाही बोललो नव्हतो. आज लिहितोय.

मी आबांना म्हणालो, "चला, मी तुम्हाला धरणगावला नेतो, त्यांच्याकडे."

"तुम्ही नका येवू," आबा म्हणाले. "हाई आमनं काम शे."

ते दुसऱ्याच दिवशी एकटे गेले, असं मला पुढे त्या गावाकडच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडून कळलं. मिस्तरींनी पहिल्या खेपेला नाही म्हटलं. आबा पुन्हा गेले, यावेळी अक्कांना घेऊन. मग मिस्तरी आले. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, म्हणून वर चढायला त्यांचा पुतण्या होता आणि ते स्वतः खाली खाटेवर बसून सांगत होते. बेअरिंगं मात्र त्यांनी कुणाला ओतू दिली नाहीत. चक्की त्या पावसाळ्याआधी सुरू झाली आणि आजूबाजूला बोअर होऊन विहीर आटेपर्यंत, पाचसहा वर्षं चालली. गावानं सुरू होण्याच्या दिवशी जेवण ठेवलं होतं म्हणे, धरणगावहून मिस्तरींच्या घरची सगळी माणसं आली होती.

मला बोलावणं आलं नाही. सुरतेकडे जाणाऱ्या गाडीनं नंतर कितीदा तरी शिंदखेड्यावरून गेलो. उतरलो मात्र नाही.